कॅमेऱ्यावालं कानकोरणं, तीन महिने वापरून लिहून राहिले

आधीच सांगून टाकते, कान साफ करायला म्हणून घेत असाल तर पाचपैकी दोन स्टार, नुसता कान बघायला म्हणून घेत असाल तर चार. हे असं अर्धंअर्धं काहून ते खाली लिहिलंय, लांबलंय थोडं, पण घ्यायच्या आधी वाचा. कंपनीचं नाव लिहित नाही कारण सगळे एकाच साच्यातले आहेत, डब्यावरचं नाव तेवढं बदलते.

मे महिन्यात घेतलं, ऑफरमध्ये ८४९ रुपयांना. तेव्हा आमच्याकडे कूलर रात्रंदिवस सुरू, नागपुरात मे मध्ये दुसरं काय असणार. एक रात्री उजव्या कुशीवर झोपले आणि कूलर बंद पडला. उठून बसले तर सुरूच. पुन्हा आडवी झाले, पुन्हा बंद. नवऱ्याला उठवलं, म्हटलं अहो हा कूलर बंद-चालू होऊन राहिला काय, ते म्हणे काही नाही बंद झाला, झोप तू. मग डाव्या कुशीवर वळले तर त्याची ती खडखड पूर्ण ऐकू आली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की कूलरला काही झालं नाही, माझ्या डाव्या कानाला दडे बसलेत.

आठ दिवस तसेच काढले. माझं काम घरून आहे, पुण्याची कंपनी, दिवसाचे पाच-सहा तास कानात इअरफोन, तेही रबरी बोंडं असलेले, आत घट्ट बसणारे. केस धुतले की कान आणखी बंद. सासूबाई काही बोलल्या आणि मी उत्तर नाही दिलं तर त्यांना वाटायचं मुद्दामच करते. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यावं म्हणतात, इथं सोडायला दुसरा कान उघडाच नव्हता.

आणि त्यात रात्री ते रील. तुम्हालाही येत असतील, कानातून भलामोठा मळाचा गोळा निघतो आणि बघणाऱ्याला उगाच शांत वाटते. चार रील पाहिले की पाचव्याला जाहिरात. घेतलं.

डब्यात काय येते ते सांगते. जाड पेनाएवढी एक काडी, टोकाला तुरीच्या डाळीएवढा कॅमेरा, त्याच्याभोवती बारीक बारीक लाइट, आणि त्या टोकावर बसवायच्या सिलिकॉनच्या चमच्या, दोन-तीन आकाराच्या. काडीचं स्वतःचं वायफाय असते, मोबाइल त्याला जोडायचा, मग मोबाइलचं नेट गायब, कानात काडी असताना कोणाचा व्हॉट्सॲप कॉल आला तर लागत नाही, हे एका अर्थी बरंच आहे. ॲपने पहिल्याच झटक्यात लोकेशन मागितलं. म्हटलं बाप्पा, कान पाहायला तुला लोकेशन कशाला पाहिजे, माझा कान काय वर्धा रोडवर आहे? नाही दिलं तर जोडतच नव्हतं, शेवटी दिलं. चार्जिंग ठीक. पाच मिनिटांनी टोक कोमट होते, भाजत नाही पण कळते.

चित्र मात्र झकास. खरंच झकास, इथं खोटं बोलणार नाही. उजवा कान आधी पाहिला, तो चांगला होता. सुरुवातीला केस, बाजूला पिवळट मळाचा पातळ थर, आणि पार आत कानाचा पडदा, करडा-पांढरा, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा चमकणारा. चाळीस वर्षं तो पडदा घेऊन फिरतेय आणि पहिल्यांदा भेट झाली. मग डावा. तिथं पडदाबिडदा काही नाही, वाटेतच काळपट तपकिरी भिंत. जास्त आटलेल्या संत्राबर्फीचा रंग आठवा, आणि खाऊन राहिले असाल तर माफ करा.

त्या रात्री घरात कानांची रांग लागली. नवरा, लेक, सासरे, समोरच्या काकू सुद्धा. नवऱ्याच्या कानातला मळ कोरडा, पोपडे निघाल्यासारखा, माझा चिकट. मला वाटलं त्यांची तब्येत खराब आहे की माझी, तर दोघांचीही बरोबर. हे जन्मजात असते, २००६ साली जपानच्या संशोधकांनी शोधून काढलं होतं की एका जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाने मळ ओला की कोरडा ते ठरते. जपान-कोरियाकडे कोरडा जास्त, युरोप-आफ्रिकेत ओला, आपल्याकडे दोन्ही, एका घरात सुद्धा. नवऱ्याला सांगितलं तर म्हणे म्हणजे मी अर्धा जपानी.

इथपर्यंत चार स्टार. आता पुढचं.

चूक अशी झाली की दिसलं की हात शिवशिवतो. समोर मोबाइलवर तळहाताएवढा गोळा, त्याच्या बाजूला चमची, असं वाटते आता आलाच बाहेर. पण ते चित्र सपाट असते. चमची गोळ्याच्या अलीकडे आहे की त्याला टेकलीय की बाजूच्या कातडीत रुतून राहिलीय, काही कळत नाही. एक डोळा बंद करून सुईत दोरा ओवून पहा, तसंच. त्यात काडी जराशी फिरली की चित्रातलं वरचं खाली. ॲपमध्ये डावा-उजवा कान बदलायचं बटण आहे ते मला तिसऱ्या दिवशी सापडलं, तोवर मी उलट्या दिशेनेच उकरून राहिले होते. आणि दर वेळी चमची आत टेकली की खोकला. घशात काही नाही, सर्दी नाही, नुसता कोरडा खोकला. मला वाटलं कूलरचा गारठा.

तीन रात्री खेळले. पहिल्या रात्री थोडा मळ निघाला, चमचीवर बघून भारी आनंद झाला, नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवला, ते काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या रात्री काहीच निघालं नाही, आणि सकाळी केस धुतल्यावर कान जो बंद झाला तो ठार बंद. आधी कूलर तेवढा ऐकू येत नव्हता, आता स्वतःचाच आवाज डोक्यात घुमायला लागला, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. कॅमेऱ्यात पाहिलं तर भिंत आधीपेक्षा आत गेलेली आणि गुळगुळीत झालेली. मीच ठासून ठासून लिंपली होती.

आईला फोन केला. आई म्हणे, पोरी, लसणाच्या दोन पाकळ्या टाकून तेल कोमट कर आणि दोन थेंब सोड, तुझ्या आजीने आम्हा सगळ्यांना तेच केलं. समोरच्या काकू म्हणे हायड्रोजन पेरॉक्साइड टाक, फसफस करून सगळं वर येते. नवऱ्याच्या ऑफिसातले एक जण म्हणे कानात मेणबत्ती लावतात तिकडे जा, एकशे एक टक्का निघते. ही मेणबत्ती म्हणजे कापडाची पोकळ नळी, मेणात बुडवलेली, एक टोक कानात आणि दुसरं पेटवायचं, म्हणे धुराने मळ ओढून घेते. काहीही ओढत नाही. खाली जो पिवळा चोथा दाखवतात तो त्या मेणबत्तीचाच असतो, कानात न घालता जाळली तरी तेवढाच निघतो. अमेरिकेच्या औषध खात्याने, तेच एफडीए, २०१० मध्ये याबद्दल इशारा दिला होता, कान भाजल्याच्या, पडद्याला भोक पडल्याच्या तक्रारी होत्या म्हणून. ते मी नाही केलं, तेवढी अक्कल शिल्लक होती.

लहानपणी सीताबर्डीला बाबांसोबत गेले की कान साफ करणारा दिसायचा, डोक्याला लाल फडकं, कानामागे काडी खोचलेली. बाबा टेकून बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. माझं हे ८४९ चं यंत्र म्हणजे तोच माणूस, फक्त त्याच्या हाताला सवय होती आणि माझ्या नाही.

मेडिकल स्टोअरमध्ये गेले. त्याने काही न विचारता वॅक्स काढायचे थेंब दिले, शंभरच्या आत. डब्यावर पॅराडायक्लोरोबेंझीन, बेन्झोकेन, क्लोरब्युटॉल, टर्पेंटाइन तेल, आपल्याकडे बहुतेक थेंबांत हेच असते. पहिलं मळ मऊ करते, बेन्झोकेन बधिर करते. टाकल्यावर मिनिटभर थंडगार लागते, वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा. कुशीवर पाच मिनिटं पडून राहायचं. दोन दिवसांत कान सुटायच्या ऐवजी आणखी जड झाला आणि मी घाबरले. हे आता माहीत आहे ते तेव्हा माहीत पाहिजे होतं, मळ फुगतो, त्यामुळे सुटण्याआधी बंद जास्त वाटते.

चौथ्या दिवशी धंतोलीला कानाच्या डॉक्टरकडे गेले. नाव देत नाही, धंतोलीत दर दुसरी बिल्डिंग दवाखानाच आहे, कान-नाक-घसावाले शोधावे लागत नाहीत, शोधावी लागते ती पार्किंगची जागा. स्कूटीला सुद्धा वीस मिनिटं.

डॉक्टर बाई मोजकं बोलणाऱ्या. आधी कानात न पाहता प्रश्नच विचारले. कान कधी वाहिला का, पडद्याला भोक, ऑपरेशन, शुगर, चक्कर. मग म्हणाल्या, काय घातलं कानात? मी म्हटलं थेंब. त्या म्हणाल्या, थेंबांच्या आधी? मी गप्प. त्यांनी आत पाहिलं आणि म्हणाल्या, कॅमेरावालं ना, या महिन्यात आलेल्या तुम्ही काही पहिल्या नाही.

मग जे सांगितलं त्याने माझं डोकं जाग्यावर आलं. कानाची नळी अडीच सेंटीमीटरची. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात, जिथं केस असतात तिथं. आतला भाग हाडाचा, तिथली कातडी कागदासारखी पातळ, तिथं मळ बनतच नाही. त्यामुळे पडद्याजवळ मळ सापडला तर तो बहुतेक वेळा कोणीतरी आत नेऊन ठेवलेला असतो, कापसाच्या काडीने, पिनेने, स्कूटीच्या चावीने किंवा तुमच्यासारखं वायफायवाल्या काडीने. आणि कानातली कातडी स्वतःच हळूहळू बाहेर सरकत असते, साधारण नख वाढते त्या वेगाने, जेवताना जबडा हलतो त्याचीही मदत होते, मळ तिच्यावर बसून आपोआप दाराशी येतो. आपण त्याला धक्के मारून परत घरात ढकलतो. इअरफोन दिवसभर घट्ट असले की वाट बंद, म्हणून माझ्यासारख्यांना जास्त. खोकल्याचं विचारलं तर हसल्या. कानाच्या नळीत एका नसेची फांदी येते, तीच नस घशाकडे जाते, कानात टोचलं की मेंदूला वाटते घशात काही आहे. म्हणजे तो खोकला ‘हात काढ’ असं सांगत होता आणि मी सुंठ-मध चाटून राहिले होते.

पिचकारीने कान धुतात ना, मला वाटलं तेच करतील. त्या म्हणाल्या ते पण करतात, चांगलंच आहे, पण पाणी अंगाच्या तापमानाचं पाहिजे, ३७ डिग्रीच्या आसपास. गार किंवा गरम गेलं तर आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांतलं पाणी हलते आणि सगळी खोली गरगर फिरते. घरी नळाखाली सिरिंज भरून करू नका म्हणाल्या, आणि नागपुरात मे मध्ये टाकीच्या नळाला कसलं पाणी येते ते काय सांगायचं, चहा होईल. पडद्याला भोक असेल तर पिचकारी अजिबात नाही. माझा मळ घट्ट बसलेला आणि पडदा दिसत नव्हता, मागे काय आहे ते माहीत नाही, म्हणून त्यांनी सक्शन केलं.

सक्शन म्हणजे आडवं झोपवून वरून मायक्रोस्कोप, आणि बारीक नळीने ओढून काढणं. मायक्रोस्कोपला दोन डोळे असतात हे मी मुद्दाम लिहितेय, त्यांना खोली दिसते, नळी कुठं टेकली ते कळते, माझ्या मोबाइलला नाही कळत. आवाज मात्र भयंकर, कानातच कुकरची शिट्टी अडकल्यासारखा. दुखलं नाही, मधे एकदा गार हवेने भोवळ आल्यासारखं झालं, त्या थांबल्या. चार-पाच मिनिटं. शेवटी एक ठक असं झालं आणि निघाला गोळा, चिंचोक्याएवढा, ट्रेमध्ये ठेवून दाखवला. मी फोटो काढला. नवऱ्याला पाठवला. त्यांनी ब्लॉक नाही केलं, एवढंच.

तपासणी आणि सक्शन मिळून चौदाशे गेले, मला जास्त वाटले तेव्हा, पण माझ्याकडे तुलना करायला दुसरा कान नव्हता. मेडिकल नाहीतर मेयो, म्हणजे इथले सरकारी दवाखाने, तिथं कानाच्या ओपीडीत गेलं तर खर्च फार कमी, वेळ जातो.

बाहेर आले तर धंतोली अंगावरच आली. ऑटोचे हॉर्न, कोणाच्या तरी पिशवीची चुरचुर, माझ्याच हातातल्या बांगड्या. बांगड्यांचा आवाज होतो हे मी विसरूनच गेले होते.

मग कॅमेरा माळ्यावर टाकला का, तर नाही. दोन स्टारचं सांगून झालं, आता चार कशाला ते.

सासरे ७४ चे, कानाला मशीन लावतात. जूनपासून मशीन शिट्टी मारायला लागलं, जेवता जेवता कुऽऽई. ते म्हणे मशीन खराब झालं, नवीन घ्या, नवीन म्हणजे पन्नास हजाराच्या वरची गोष्ट. दुकानवाला पण म्हणे काका, नवीन मॉडेल आलंय. मी म्हटलं थांबा बाबा, आधी पाहू. चमची काढून टाकली, नुसता कॅमेरा दाराशी धरला, आत ढकलला नाही. दोन्ही कानांत मळाची भिंत, मशीनचा आवाज त्याच्यावर आपटून परत बाहेर येऊन राहिला, तोच मशीनचा माइक पकडते आणि शिट्टी वाजते. त्यांना शुगर आहे, म्हणून मी थेंब सुद्धा टाकले नाहीत, सरळ त्याच डॉक्टरकडे. त्यांनीही पाणी मारलं नाही, म्हातारपणी शुगर असली की ओल्या कानातलं इन्फेक्शन हाडापर्यंत उतरू शकते म्हणे. कोरडंच काढलं. शिट्टी बंद. मशीन तेच. सासऱ्यांनी घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं की हळू बोल, ओरडून काय राहिली.

म्हाताऱ्या माणसांत साधारण तिघांत एकाचा कान असा चोंदलेला असतो असं डॉक्टर म्हणाल्या, आणि घरचे धरून चालतात की वयच झालं. तेवढ्या एका पाहण्यात माझे ८४९ वसूल झाले.

दुसरं, समोरच्या काकूंचा नातू, चार वर्षांचा, कानात चणा घालून आला. काकू तेल ओतायलाच निघाल्या होत्या. कॅमेऱ्यात चणा स्पष्ट दिसला म्हणून थांबल्या. चण्याला ओल लागली की तो फुगतो आणि मग काढणं अवघड, म्हणून कोरडाच नेला डॉक्टरकडे. तो निघाला. नातू म्हणे मला तो परत द्या.

आता तक्रारी. चमच्या एकाच आकाराच्या जास्त देतात आणि सगळं घर तीच चमची वापरते, आम्ही पण पहिल्या रात्री तेच केलं, स्पिरिटने पुसली सुद्धा नाही. पावसाळ्यात हे महागात पडते, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कानात बुरशी धरते, खाज, ओलसर पांढरं-काळं काहीतरी, आणि खाज आली की माणूस अजून कोरतो. तेल टाकलेल्या कानात धूळ चिकटते ती वेगळी. आईला हे सांगितलं तर म्हणे तुझी आजी नव्वद वर्षं जगली. आता यावर काय बोलणार.

डब्यावर लिहिलंय ‘घरच्या घरी सुरक्षित स्वच्छता’, त्याच्याखाली एकदम बारीक अक्षरात की लहान मुलांसाठी नाही, कानाचा आजार असल्यास वापरू नये. आजार आहे की नाही हे माणसाला कसं कळावं ते नाही लिहिलं. भोक असलेला पडदा माझ्यासारखीला चित्रात ओळखू येणार नाही, मी तर उजव्या कानाच्या पडद्यावरची उजेडाची चकाकी बघून घाबरले होते, ती सगळ्यांनाच असते.

परत करायला गेले असते तर वापरलेली वस्तू म्हणून घेतली नसती, ते बरोबरच आहे, कोणाच्या कानात जाऊन आलेली काडी मी पण घेतली नसती.

सध्या यंत्र देवघराच्या खालच्या खणात आहे, कापसाच्या वातींशेजारी. चमच्या सगळ्या फेकल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी तर्री पोहे झाले की सासरे स्वतःच खुर्ची ओढून बसतात, कान पुढे करतात आणि मोबाइलकडे बघून विचारतात, काय जी, दिसून राहिला काय पडदा?